पहिलं कन्फेशन, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी

2025 च्या ईस्टरला मी कॅथलिक चर्चमध्ये रीतसर सामील झाले आणि त्याआधी आयुष्यातलं पहिलं कन्फेशन केलं, म्हणजे फादरांपुढं आपली पापं सांगून क्षमा मागितली. तयारीच्या काळात मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून खूप शोधलं. इंग्रजीत ढीगभर होतं, पण सगळं तिकडच्या चर्चांबद्दल. कोल्हापुरात राहणाऱ्या, प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्या बाईला कोणते कागद लागतील, किती महिने जातील, आत गेल्यावर नेमकं काय बोलायचं, हे कुठंच सापडलं नाही. हे लिहितेय ते त्यासाठी. माझी पापं यात नाहीत, ती आत सांगून झाली.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं माहेर कोडोलीचं. अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले 1852 साली, आणि पुढं त्या कामातूनच आमच्याकडची मंडळी, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्च, उभी राहिली. माझे वडील, आण्णा, निवृत्त शिक्षक, रविवारची शाळा घ्यायचे. घरात रोज संध्याकाळी बायबल वाचन, गाणी, प्रार्थना. सासर आजऱ्याकडचं, कोकणी बोलणारे कॅथलिक. 2009 मध्ये आमचं लग्न झालं तेव्हा बिशपांकडून मिश्र विवाहाची परवानगी काढून कॅथलिक चर्चमध्येच लागलं. तेव्हापासून दर रविवारी मी मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जातेय. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी मात्र नवरा आणि पुढं मुलं रांगेत जायची आणि मी बाकावर बसून राहायची. त्याबद्दल कुणी कधी मला टोचून बोललं नाही. पण मे 2024 मध्ये धाकटीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, झालं, आणि तिला शिकवता शिकवता मीच शिकले. त्या पावसाळ्यात मनाचं ठरलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांना गाठलं. मला वाटलं होतं, एखादा फॉर्म भरायचा, एखादी तारीख मिळेल. फादर म्हणाले, "घाई करू नका. आता वर्गाला बसा, ईस्टरला बघू." म्हणजे सात-आठ महिने! दर रविवारी मिस्सानंतर तासभर, एक सिस्टर शिकवणार. फी काही नाही. फादरांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारल्या. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, कुठं झाला, आणि लग्न कुठं झालं. लग्नाचं आमचं सरळ होतं. ज्यांचं लग्न नुसतं रजिस्टर ऑफिसात झालंय किंवा आधीचं एखादं लग्न मोडलेलं आहे, त्यांनी ते या पहिल्या भेटीतच सांगून टाकावं. ते आधी चर्चच्या कायद्याप्रमाणे मार्गी लागावं लागतं, आणि त्याला वेगळा वेळ जातो. शेवटच्या महिन्यात उघड झालं की सगळंच लांबतं.

बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र आणायला दिवाळीच्या आधी कोडोलीला गेले. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी, बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे पंचवीसेक रुपयांत काम झालं. तिथल्या चर्चच्या पाळक साहेबांनी जुनं रजिस्टर काढलं आणि आम्ही दोघांनी मिळून पानं उलटली. नोंद सापडली. जाड निळ्या शाईत, आण्णांच्या आणि आईच्या नावासकट. प्रमाणपत्र लगेच मिळालं, मी चर्चला शंभर रुपये दान दिले, पावतीही मिळाली. अडचण वेगळीच निघाली. रजिस्टरात माझं पाळण्यातलं नाव, शाळेत वेगळं लागलेलं, आणि आधार कार्डावर लग्नानंतरचं. तीन कागद, तीन नावं.

मला वाटलं आता स्टॅम्प पेपर, नोटरी, कोर्टाच्या आवारातल्या खेपा. फादरांनी चर्चच्या कायद्याचं पुस्तक उघडलं. बाप्तिस्मा सिद्ध करायला, त्यातून दुसऱ्या कुणाचं नुकसान होत नसेल, तर एका विश्वासू साक्षीदाराचं म्हणणं पुरेसं धरतात. कलम 876. मग नावाच्या घोळाला तर साधं पत्र चालणारच होतं. ज्यांच्या गावचं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय किंवा पुरात गेलंय, त्यांनी हे लक्षात ठेवावं. आई-वडील, मामा, मावशी, बाप्तिस्म्याला हजर असलेलं कुणीही हयात असेल तर वाट बंद होत नाही.

पत्र द्यायचं कुणी, तर आण्णांनी. आणि आण्णांना माझा हा निर्णय पटलेला नव्हता. "तुला देवाकडं जायला मधी माणूस कशाला लागतोय गं?" हा त्यांचा एकच प्रश्न, आणि तो रागानं विचारलेला नव्हता. आमच्या चर्चमध्ये पापांची कबुली सगळे मिळून देतात, उपासनेत, एका सुरात. बाकीचं ज्याचं त्यानं गुडघ्यावर. योहानाच्या पहिल्या पत्रातलं पहिल्या अध्यायातलं नववं वचन मला आण्णांनीच पाठ करून घेतलं होतं, आपण आपली पापे पदरी घेतली तर तो क्षमा करील, हे. माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "आण्णा, मी अजून शिकतेय." त्यांनी दुसऱ्या दिवशी वहीच्या रेघी पानावर, शिक्षकी अक्षरात पत्र लिहून दिलं. अमुक नावाची माझी मुलगी, तिचा बाप्तिस्मा अमुक वर्षी पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने माझ्या समक्ष झाला. खाली सही, तारीख. ते पाणी आणि त्रैक्याचं नाव फादरांना हवंच होतं, कारण त्या दोन गोष्टी असल्या की कॅथलिक चर्च तो बाप्तिस्मा खरा मानतं आणि पुन्हा करत नाही. आण्णांनी न सांगता बरोबर तेच लिहिलं होतं. ते वाचताना माझे डोळे भरून आले.

वर्गात आम्ही मोजकेच होतो. माझ्याबरोबर एक तरुण होता, त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. इथं एक फरक आहे, जो मला डिसेंबरपर्यंत कळलाच नव्हता. त्याला कन्फेशन करायचं नव्हतं. बाप्तिस्म्यानं आधीची सगळी पापं धुतली जातात, म्हणून त्याची पाटी कोरी. माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. म्हणजे मला समज आल्यापासून आजवरचं सगळं सांगायचं होतं. सिस्टरनी हे इतक्या सहज सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. चाळीस वर्षं! त्या आठवड्यात नीट झोप लागली नाही.

मग सिस्टरनी जे शिकवलं त्यानं हळूहळू बळ आलं. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सांगणं बंधनकारक नाही. गंभीर पापं सांगावीच लागतात. गंभीर कधी, तर गोष्ट मुळातच मोठी असेल, ती चूक आहे हे पूर्ण माहीत असेल, आणि तरी मनापासून संमती देऊन केली असेल. तिन्ही एकत्र असतील तर. ती पापं प्रकारानुसार आणि साधारण किती वेळा ते सांगायचं. 1551 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं हे ठरवून दिलं, आणि वर्षातून एकदा तरी कन्फेशन करावं हा नियम त्याहून जुना, 1215 चा. आयुष्यभराचं सांगणाऱ्यानं नेमका आकडा कुठून आणायचा? "महिन्यातून एकदा, काही वर्षं" एवढं पुरतं, सिस्टर म्हणाल्या. प्रामाणिकपणे आठवूनही एखादं राहिलं तर त्याचीही क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी आठवलं की सांगायचं. मुद्दाम लपवलं तर मात्र सगळंच व्यर्थ.

आण्णांच्या प्रश्नावर आम्ही एक अख्खा रविवार घालवला. योहानाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालतो आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांच्या हाती देतो. हा भाग मी लहानपणापासून वाचलेला होता, पण पुढच्या थोमाच्या गोष्टीची घाई असल्यासारखी त्यावरून पुढं जायची. शिष्यांना क्षमा करायची किंवा क्षमा राखून ठेवायची असेल, तर त्यांना आधी कुणीतरी येऊन सांगायला हवं. सिस्टरनी हेही सांगितलं की पहिल्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांदेखत, वर्षानुवर्षं चालायचं. सातव्या शतकात आयर्लंडच्या संन्याशांनी युरोपात एकट्यानं, खासगीत पापनिवेदन करण्याची पद्धत रुजवली. मला त्या दिवशी पटलं ते असं: देव थेट क्षमा करतो यावर कॅथलिक चर्चही बोट ठेवत नाही. पण मी स्वतःच्या मनात कबुली देते तेव्हा शब्द मीच निवडते, न्यायाधीशही मीच असते, आणि क्षमा झाली की नाही हेही मीच ठरवते. दुसऱ्या माणसासमोर मोठ्यानं बोलताना पापाला त्याच्या नावानं हाक मारावी लागते. आणि क्षमेचे शब्द बाहेरून, कानांवर येतात. मला ते बाहेरून ऐकायचे होते, हे मला तेव्हा उमगलं.

दुसरी भीती गावाची. कोल्हापुरात कॅथलिक किती, सगळे एकमेकांना ओळखतात. फादर आमच्या घरी नाताळात जेवायला येतात. उद्या त्यांना ताटात वाढताना माझ्या मनात काय येईल? हे मी सिस्टरना विचारलंच. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. नवऱ्याला नाही, बिशपना नाही, कोर्टात नाही, जीव वाचवायलाही नाही. हे गुपित थेट मोडलं तर तत्क्षणी ते स्वतः चर्चबाहेर होतात, आणि ती शिक्षा फक्त रोमच उठवू शकतं. एवढंच काय, ऐकलेल्या गोष्टीचा वापर करून माझ्याशी वेगळं वागणंही त्यांना मना आहे. तरीही ओळखीच्या फादरांकडे जायला जड वाटत असेल तर दुसऱ्या फादरांकडे जाण्याची पूर्ण मुभा असते आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात बऱ्याच ठिकाणी बाहेरचे फादर मुद्दाम बोलावतात ते याचसाठी.

5 मार्च 2025 ला राखेचा बुधवार, म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, झाला आणि खरी तयारी सुरू झाली. मुलीची धर्मशिक्षणाची वही मी घेतली. तिच्या गोल अक्षरात दहा आज्ञा आणि प्रत्येकीखाली प्रश्न. मी खोटं बोलले का? मी कुणाची वस्तू घेतली का? मी आईबाबांचं ऐकलं का? नऊ वर्षांच्या मुलीसाठीचे प्रश्न, पण त्यांना चाळिशीतली उत्तरं द्यायला बसलं की पानं भरतात. रात्री मुलं झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी बसायची. आयुष्याचे तुकडे पाडले: शाळा, नर्सिंगचं शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं, सासू-सासरे. तसं केल्यानं आठवायला सोपं गेलं. कागदावर लिहिलं, मोबाइलमध्ये नाही, आणि तुम्हीही मोबाइलमध्ये लिहू नका. तो मुलांच्या हातात जातो. काही रात्री फक्त रडले. काही रात्री असंही झालं की दुसऱ्यांनी माझ्याशी केलेलं सगळं रांगेनं आठवत राहिलं. सिस्टर म्हणाल्या, "ते वेगळ्या कागदावर लिही. ते तुझं कन्फेशन नाही." हा सल्ला फार उपयोगी पडला.

सासूबाई आजऱ्याहून आल्या होत्या. त्यांना मी विचारलं, तुम्ही पहिलं कुमसार (कन्फेशनला कोकणीत हेच म्हणतात) कसं केलंत? त्या म्हणाल्या, "घाबरूनच. अजून घाबरतेच. पण जाते." सत्तरी उलटलेल्या बाईनं हे सांगितल्यावर मला धीर आला.

28 मार्चच्या शुक्रवारी ‘प्रभूसाठी 24 तास’ होतं. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला हा उपक्रम, प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारआधी. याच तारखेला, 2014 मध्ये, ते स्वतः रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये सगळ्यांदेखत एका साध्या फादरांपुढं गुडघे टेकून कन्फेशनला बसले होते. त्या संध्याकाळी मी नुसती बघायला गेले. मागच्या बाकावर बसून रांग पाहिली. नव्या माणसानं असं एकदा आधी जाऊन बसावंच. कळतं की बहुतेक जण चार-पाच मिनिटांत बाहेर येतात. कुणी रडत नाही, कुणी दचकत नाही. बाहेर येतात, पुढं जाऊन थोडा वेळ गुडघ्यावर बसतात आणि घरी जातात. कन्फेशनच्या त्या लाकडी कपाटासारख्या जागेची भीती तिथंच अर्धी गेली.

माझा दिवस ठरला होता 12 एप्रिल, ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदला शनिवार. संध्याकाळी सामुदायिक प्रायश्चित्त विधी आणि नंतर एकेकाचं कन्फेशन, बाहेरून आणखी काही फादर येणार होते. त्याच दिवशी चैत्र पौर्णिमा, म्हणजे जोतिबाची यात्रा. अख्खं शहर रस्त्यावर. पंचगंगेच्या बाजूला गाड्यांची रांग, चौकाचौकात अन्नछत्रं, गुलालानं माखलेली माणसं डोंगरावरून परत येतायत, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून ‘चांगभलं’. रिक्षा मिळणं शक्यच नव्हतं. मी चालत निघाले, हातात घडी घातलेला कागद. चर्चमध्ये पोचले तेव्हा चपलांना, साडीच्या काठाला गुलाल लागलेला. यात्रेच्या दिवशी कोल्हापुरात कुठंही वेळेवर पोचायचं असेल तर तासभर आधी निघा.

विधी साधारण अर्ध्या तासाचा. वाचनं, बायबलमधलं स्तोत्र 51, मग शांतपणे आत्मपरीक्षण. नंतर रांगा लागल्या. आमच्या फादरांच्या रांगेत थांबले नाही, ओळख नसलेल्या वयस्कर फादरांच्या रांगेत थांबले. पुढं सात-आठ जण होते. त्या वेळात मी कागद पुन्हा वाचायचा प्रयत्न केला आणि अक्षरं दिसेनात, इतके हात कापत होते.

आत गुडघे टेकायला रेक्झिनची फळी, समोर जाळी, जाळीशेजारी चिकटवलेलं कार्ड. पश्चात्तापाची प्रार्थना त्यावर मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकचा एक कोपरा सुटलेला. मी सगळी प्रार्थना पाठ केली होती, पण ते कार्ड दिसल्यावर हायसं वाटलं. समोरासमोर खुर्चीवर बसूनही करता येतं, मी जाळी निवडली. क्रुसाची खूण केली आणि म्हटलं, "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. हे माझं पहिलं कन्फेशन. मी प्रॉटेस्टंट आहे, ईस्टरला मला चर्चमध्ये घेणार आहेत." असं सामील होणाऱ्यानं हे आधी सांगायचंच असतं, म्हणजे फादरांना समजतं की आयुष्यभराचं येणार आहे. पलीकडून शांत आवाज आला, "बरं झालं आलात. सावकाश सांगा."

मी वाचत गेले. दोन ठिकाणी अडखळले. एका ठिकाणी मी कारणं द्यायला लागले, तेव्हा त्यांनी हळूच थांबवलं, "काय झालं तेवढं सांगा." दोन-तीनच प्रश्न विचारले, तेही समजून घेण्यापुरते. नाव विचारलं नाही, इतर कुणाचं नाव घेऊ दिलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी एका गोष्टीकडे परत नेलं. क्षमा मिळाली तरी ज्याचं नुकसान झालंय त्याचं नुकसान तिथंच राहतं, ते भरून द्यायला जावं लागतं, असं ते म्हणाले. प्रायश्चित्त म्हणून स्तोत्र 51 सावकाश वाचायचं, आणि त्या एका माणसाकडं जायचं. मग मी कार्डावरची प्रार्थना म्हटली, आणि त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुझ्या पापांची क्षमा करतो. मी "आमेन" म्हटलं. आवाज बाहेर आला की नाही माहीत नाही. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं गेली असावीत. माझ्या मागची रांग लांबली होती, तरी कुणी माझ्याकडं रोखून पाहिलं नाही. आयुष्यभराचं सांगायचं असेल तर फादरांची वेळ आधी वेगळी मागून घ्या, ते आनंदानं देतात.

खूप मोठं काही वाटेल अशी अपेक्षा होती. वाटलं ते एवढंच की भूक लागलीय. दुपारी जेवलेच नव्हते. घरी येऊन कागद गॅसवर जाळला, राख सिंकमध्ये सोडली आणि भाकरी-भाजी पोटभर खाल्ली. त्या रात्री गाढ झोपले.

मंगळवारी इचलकरंजीला त्या माणसाकडं गेले. दार उघडलं, आत बोलावलं, चहा झाला, आणि जे बोलायचं होतं ते मी बोलले. ते कन्फेशनपेक्षा अवघड होतं. तिथं जाळी नव्हती. पुढचं त्या माणसाचं आणि माझं आहे.

19 एप्रिलला रात्री ईस्टरची जागरण मिस्सा. त्या तरुणाचा बाप्तिस्मा झाला. मग मी पुढं जाऊन, चर्च जे देवानं प्रकट केलेलं म्हणून मानतं आणि शिकवतं ते मीही मानते, असं सर्वांसमोर म्हटलं. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालं, कपाळावर तेल लागलं, आणि मी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत नवऱ्याच्या मागं उभी राहिले. आण्णा आणि आई कोडोलीहून आले होते, तिसऱ्या बाकावर. पाहुण्यांसाठी केलेल्या बिर्याणीचा खर्च सोडला तर या सगळ्याला मला हजार रुपयेही लागले नाहीत. त्यातले बरेचसे झेरॉक्स, एसटी आणि मेणबत्तीचे. कन्फेशनला पैसे लागत नाहीत. कुणी लागतात म्हणालं तर ते खरं नाही.

सोमवारी, 21 तारखेला दुपारी, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. मी ड्युटीवर होते. ज्यांच्यामुळं मी त्या शुक्रवारी मागच्या बाकावर जाऊन बसले, ते गेले. संध्याकाळी त्यांच्यासाठी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली.

आता महिन्यातून एकदा जाते, आमच्याच फादरांकडं. दुसऱ्या वेळी पाच मिनिटांत झालं, पण भीती पहिल्याइतकीच होती, सासूबाई म्हणाल्या तशी. फादर शनिवारी संध्याकाळी मिस्साच्या आधी अर्धा तास बसतात. इतर वेळी आधी फोन करावा. कार्ड नवीन लावलंय, त्यामुळे प्रार्थना पाठ नसेल तरी चालेल.